अर्धेच ठेवायचे स्वेटर

॥ श्री ॥

बुऱ्हाणपूर,
१४ ऑक्टोबर १९५६

ती. सौ. शोभाताईस,
कोकिळेचा सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला आज हात मोकळा झाला. मोकळा कसला, अंगठा दुखून राहिलाय म्हणून सुया खाली ठेवल्या. महिला मंडळात माझा विणकामाचा एकच वर्ग होता ना, त्याचे आता तीन झालेत. नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ ठरली आणि इथल्या काही कारकुनांच्या तिकडं बदल्या निघाल्या. भोपाळची थंडी हाडं गोठवते, असं कुणीतरी उठवून दिलं. झालं! सगळ्या बायका लहान मुलांचे स्वेटर शिकायला माझ्याकडे.

शिकवायचं म्हणजे तोच स्वेटर मीही पुन्हा पुन्हा विणायचा. एक नुसत्या काठापर्यंत, दुसरा बगलेपर्यंत, तिसरा गळ्यापाशी आणून तसाच सुयांवर ठेवायचा. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बायकांना पुढचं कळत नाही. त्या हाताळतात, टाके गाळतात, की मी बसले पुन्हा विणत. डोळे मिटले तरी सुलट-उलट चालूच असतं. वीट आला गं.

आता खरी गोष्ट. केळीच्या पानाची एक नक्षी मी माझ्या मनानं बसवलीय. मधे दांडा, दोन्ही अंगांनी तिरप्या शिरा. नागपूरच्या एका मासिकाला विणलेला तुकडा पाठवला होता, तो संपादिकाबाईंना पसंत पडला! नोव्हेंबरअखेर पुरा स्वेटर आणि कृती टपालात पडली तर संक्रांतीच्या अंकात माझ्या नावानं छापणार. आजवर दुसऱ्यांचीच वीण शिकवत आले. ही एक माझी आहे, ती वेळेत व्हावी, एवढंच देवाजवळ मागणं. पण पाठ विणून झाली आणि पुढचा भाग घालायला फुरसत म्हणून नाही.

थकल्या बहिणीवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
कोकिळा


अमरावती,
२३ ऑक्टोबर १९५६

चि. सौ. कोकिळेस,
शोभाताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी रागच आला. तुला नाही म्हणायला कधी येणार गं? मी आले असते मदतीला, पण माझं विणणं तुला ठाऊक आहे. तुझ्या भावोजींसाठी घातलेला मफलर रुंद होत होत शेवटी पाटावरचं आसन झाला. पण तुझ्या घरात सासूबाई आहेत की! त्यांचा हात चांगला चालतो, असं तूच लिहितेस. मग भिडेनं गप्प का बसतेस? मोकळेपणी सांग त्यांना.

पहिल्या तारखेपासून मी मुंबई राज्यात आणि तू मध्य प्रदेशात. तुझे भावोजी म्हणतात, आता मेहुणीला फराळ परराज्यात पाठवावा लागणार. म्हणून चकल्यांचा डबा आधीच धाडला आहे.

दूध पीत जा. तब्येतीला जपलंस तरच आमच्यावर लोभ आहे असं समजेन.

तुझी,
ताई


॥ श्री ॥

बुऱ्हाणपूर,
९ नोव्हेंबर १९५६

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

चकल्या पोचल्या. पण काय सांगू तुला! दिवाळीच्या गडबडीत सासूबाईंशी बोलायचं राहिलं, आणि त्यांनी न सांगताच मदत केली. दिवाळीला घरात हातचं काम अर्धं ठेवायचं नाही, असा त्यांचा नेमच आहे.

भाऊबीजेला जसोंडीहून माझ्या नणंद मालूताई मुलांना घेऊन आल्या. सासूबाईंनी आतून तीन स्वेटर आणले. माझे वर्गाचे! गळे पुरे, बाह्या जोडलेल्या, बटणंसुद्धा लावलेली. मुलांच्या अंगात घातले आणि सगळ्यांना कौतुकानं सांगू लागल्या, की सून बिचारी परेशान, तिला वेळ मिळेना, म्हणून मीच दुपारी बसून संपवले. मी आपलं छान झालेत म्हटलं.

मुलं स्वेटर घालून गेली. सोमवारी वर्ग, आणि भोपाळवाल्यांनी दुकानातली सगळी लोकर उचलून नेलेली. शेवटी पुढच्या भागाची लोकर घेतली, ती पुरेना म्हणून केळीच्या पानाची पाठही उसवली आणि त्या लोकरीचे पुन्हा तीन अर्धे नमुने विणले. उसवताना काही वाटलं नाही. संध्याकाळी भाकरी थापताना मात्र रडू आवरेना. संपादिकाबाईंना जमत नाही म्हणून कळवून टाकते. ताई, मी फार दमले गं.

तुझ्या आधाराची आस धरणारी,
कोकिळा


अमरावती,
१५ नोव्हेंबर १९५६

चि. सौ. कोकिळेस अनेक आशीर्वाद.

मासिकाला नकार कळवायचा नाही, बिलकुल नाही! मी इथं लोकर शोधली, पण मिळाली ती जाडीभरडी, तुझ्या नक्षीला चालायची नाही. तेव्हा उपाय तुझ्याच घरात आहे. सासूबाईंनी प्रेमानंच केलं, पण त्यात तुझं काय गेलं ते त्यांना कोण सांगणार? चुलीपुढं रडून ते त्यांना कळायचं नाही. आजच बोल.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
ताई


॥ श्री ॥

बुऱ्हाणपूर,
११ डिसेंबर १९५६

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तशी सासूबाईंसमोर बसले आणि सगळं सांगितलं. ते स्वेटर अर्धेच ठेवायचे होते, हेही आणि केळीच्या पानाचंही. त्या उठून देवापुढं दिवा लावायला गेल्या. दुखावल्या असं वाटून मला रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी उठून त्या जसोंडीला गेल्या. ताई, भाऊबीजेला दिलेली वस्तू लेकीकडून परत आणली त्यांनी! मालूताई फणकारल्या, धाकट्यानं भोकाड पसरलं, तरी आणलीच. नवी लोकर आली की पुन्हा विणून देईन, असं कबूल करून आल्या. मग ओट्यावर बसून तिन्ही स्वेटर वरून उसवत आणले. एक गळ्यापाशी, एक बगलेपाशी, एक काठावर. दर वेळी हात थांबवून मला विचारायच्या, इथं का? अर्धं काम सुयांवर ठेवताना त्यांचा जीव कासावीस होत होता, दिसत होतं मला. वर्गाचे नमुने नंतर त्यांनीच सांभाळले. मी विणलेले तीन उसवले आणि माझी लोकर मोकळी झाली. पान मी नव्यानं विणलं आणि शेवटच्या तारखेला टपालात टाकलं.

काल उत्तर आलं. नक्षी फार आवडली, माझ्या नावानं छापणार! पण वाचक भगिनींना पायऱ्या कळाव्यात म्हणून हाच स्वेटर काठापर्यंत, बगलेपर्यंत आणि गळ्यापर्यंत विणून, असे तीन अर्धे नमुने छायाचित्रांसाठी आठ दिवसांत पाठवायचे आहेत.

हसावं की रडावं कळेना. सासूबाईंनी ह्यांच्याकडून पत्र दोनदा वाचून घेतलं. दुकानात नवी लोकर आलीय, ती आणवली, चष्मा लावला, काठाचे टाके घातले आणि पहिला कुठं थांबवू, असं मलाच विचारलं.

दुसरा मला विणायचाय, म्हणून इथंच पुरे करते. लोभ मात्र अर्धा ठेवू नकोस.

तुझी,
कोकिळा