फर्नेसशेजारी मुरलेली रिझर्व्हा

८ नोव्हेंबर, शनिवार

ठरलं. इटलीला मीच जाणार. तिथल्या कारखान्यात आमच्या पाइपलाइनचे व्हॉल्व्ह बनतात, ते तपासायला कंपनी दोन वर्षांसाठी एक इन्स्पेक्टर पाठवतेय. दावेदार दोनच. मी आणि आमच्या टीममधला नागपूरचा शौनक. निवडणार मार्को, आमचा डायरेक्टर. पक्का इटालियन. म्हणजे प्रश्न व्हॉल्व्हचा नाहीच, कल्चरचा आहे.

एका छोट्या इटालियन द्राक्षमळ्याची अख्खी रेड वाईन रेंज आणली. रोसो, सुपिरिओरे, रिझर्व्हा. प्रत्येकी दोन बाटल्या. एक अभ्यासाला, एक मार्कोला जेवायला बोलवीन तेव्हा. पद्मजा म्हणाली, तुला तर द्राक्षासवसुद्धा जात नाही. बायकोला व्हिजन नाही.

संध्याकाळी ७

रोसो उघडली. रेंजमधली सर्वांत हलकी म्हणे. शी! कारल्याच्या रसात गंजका खिळा. नाक दाबून अर्धा ग्लास संपवला. नाक दाबलं की ॲरोमा कळत नाही, असं यूट्यूबवाला म्हणतो. त्याने प्यावी.

९ नोव्हेंबर

दोष माझा नाही. वाईन कच्ची आहे, मुरायला हवी. बेसमेंटमध्ये ठेवा, असं सगळीकडे लिहिलंय. पण कॅनडातल्या कॅल्गरीतलं बेसमेंट! गारठलेलं. आई लोणच्याची बरणी उन्हात ठेवायची. ऊब लागल्याशिवाय काहीही मुरत नाही, एवढी साधी गोष्ट या वाईनवाल्यांना कळू नये? उरलेल्या बाटल्या तिथल्याच, घर तापवणाऱ्या फर्नेसला टेकवून उभ्या केल्या.

२२ नोव्हेंबर

हिंगाच्या फोडणीमुळे माझं नाक तयार होत नाहीये. महिनाभर घरात हिंग बंद, असा ठराव मांडला. एकमताने फेटाळला गेला. ते एक मत पद्मजाचं.

१३ डिसेंबर

बाहेर उणे सत्तावीस. फर्नेस अखंड चालू. सुपिरिओरे वर आणली. बूच आपणहून अर्धं वर आलेलं, मानेवर चिकट ओघळ. मुरतेय!

घोट घेतला. आंबूस, करपट. जांभळाच्या जॅममध्ये व्हिनेगर. अंगावर काटा आला, डोळ्यांतून पाणी आलं, घोट मात्र आत जाईना. शेवटी गिळला. ईशानी वास घेऊन म्हणाली, डॅड, इट स्मेल्स लाइक सॅलड ड्रेसिंग. सोळाव्या वर्षी काय कळतं? इथे वाढलेल्या पोरांना टेस्टच नाही.

माझं मत: कॉम्प्लेक्स.

१ जानेवारी

संकल्प. रोज दोन घोट, तोंड वाकडं न करता. आरशासमोर सराव केला. किळसवाणा अनुभव. वाईनही आणि चेहराही.

५ जानेवारी

संकल्प आठवड्यातून एकदा, असा सुधारला. मार्कोला सतराला जेवायला बोलावलं. लगेच हो म्हणाला. शौनकलाही बोलव म्हणाला. उत्तम. तुलना होईल.

१७ जानेवारी, दुपारी ४

जय्यत तयारी. रिझर्व्हा सकाळीच टेबलावर. 'चेरी, लेदर, टस्कनीची माती' पाठ झालंय. पद्मजाने हट्टाने आमटीला हिंगाची फोडणी दिली. चालवून घेतलं. इटलीला जाणाऱ्याने मन मोठं ठेवावं.

१८ जानेवारी, रविवार

मी रिझर्व्हा ओतली. मार्कोने ग्लास नाकाशी नेला, खाली ठेवला आणि मला विचारलं, कशी वाटते? मी भलामोठा घोट घेतला. सुपिरिओरेपेक्षाही आंबूस. तरीही तोंड जराही वाकडं न करता चेरी, लेदर, माती, सगळं म्हणून दाखवलं. वर सांगितलं, अशी वाईन आयुष्यात प्यायलो नव्हतो. हे खरंच होतं.

मग मार्कोने शौनकला विचारलं. तो एक घोट घेऊन थेट वॉशरूमकडे पळाला. परत येऊन म्हणाला, सॉरी सर, ही खराब झालीये, मी नाही पिणार. गावंढळ! यजमानासमोर असं बोलतात? मी मार्कोकडे सहानुभूतीने पाहिलं.

मार्को म्हणाला, बरोबर आहे. वाईन उष्णतेने शिजलीये. कुठे ठेवली होती? पद्मजाने त्याला उत्साहाने बेसमेंटमध्ये नेऊन फर्नेस दाखवली. मार्कोने छातीवर क्रॉसची खूण केली.

पण आमटी दोनदा घेतली. शिवाय माझा कॉन्फिडन्स त्याने पाहिलाय. शौनकने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

२१ जानेवारी, बुधवार

मार्कोने केबिनमध्ये बोलावलं. फार प्रेमाने बोलत होता, तेव्हाच शंका आली. विचारलं, वाईन खराब आहे हे तुला कळलं होतं का? मी अभिमानाने म्हणालो, पहिल्याच घोटाला. मग बोलला का नाहीस? मी पुन्हा चेरी, लेदर सुरू केलं. तो म्हणाला, तिकडचे कारखानेवालेही आधी छान जेवायला घालतात आणि मग व्हॉल्व्ह दाखवतात. मला तिथे खराबाला खराब म्हणणारा माणूस हवाय. शौनक जातोय.

वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. सगळ्यांचा वीट आला. वाईनचा, मार्कोचा आणि सर्वांत जास्त माझा.

संध्याकाळी शौनक डेस्कपाशी आला. संकोचून म्हणाला, दादा, मी दोन वर्षं नसेन, तेवढा माझ्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावडं घेऊन शोव्हल कराल का? तुम्हाला आवडत नसेल तर स्पष्ट सांगा.

मी म्हणालो, अरे, मला तर शोव्हलिंग फार आवडतं.