डोलकाठी दोन सेंटिमीटर पुढे

४ जानेवारी, रविवार.
संकल्प: या मोसमात विंडसर्फिंग करताना पडायचं नाही. गेल्या मोसमात पडलो तो दोष सेटिंगचा. पस्तीस वर्षं सर्व्हेअर म्हणून ऑस्ट्रेलियातल्या या जेराल्डटनच्या जमिनी मोजल्या; साडेसात फुटांचा बोर्ड काय चीज आहे! १ फेब्रुवारीला क्लबची शर्यत. नाव दिलं. ग्लेनिसला सांगितलं. बायको भांडी विसळत होती. म्हणाली, बरं. (उत्साह लपवते.)

६ जानेवारी. दुपारी तीन.
दक्षिणेचा वारा, झकास. बोर्डवर डोलकाठी रोवायचा खुंट मागे सरकवला. असं केलं की बोर्ड चपळ होतो. झाला. मला न घेताच निघून गेला.

९ जानेवारी.
खुंट पुढे. आता बोर्डचं नाक वर उचलणार नाही. नाही उचललं. पाण्याखाली गेलं. मीही.
बोट घेऊन डॉट हॅलिगन आली. आमच्या क्लबची अध्यक्ष, वय सदुसष्ट, शाळेच्या कँटीनमधून निवृत्त. म्हणाली, मर्व्ह, आज पोहायचा बेत होता का रे? हसलो. तांत्रिक गोष्टी सगळ्यांना कळत नाहीत.

१३ जानेवारी.
हातात धरायचा दांडा खाली घेतला. पायाचे पट्टे दोन भोकं आत. लाल रंगाने खुणा. तीन तास लागले. तोवर वारा पडला, पाण्यात जाता आलं नाही. आतापर्यंतचा सर्वांत यशस्वी दिवस.

१८ जानेवारी, रविवार.
डॉटनेच विचारलं! जोराच्या वाऱ्यात तिच्या बोर्डचं नाक उडतं. सांगितलं: खुंट दोन सेंटिमीटर पुढे, दांडा खांद्याच्या रेषेत, बोर्डखालचा मागचा पंख लहान. गेली ती रुळावरून गेल्यासारखी. परत येऊन म्हणाली, अरे, तू जादूगार आहेस!
मग माझा बोर्ड असा का वागतो? बहुधा मुळातच वाकडा.

२५ जानेवारी.
सिद्ध करायला बोर्ड बदलले. डॉट माझ्या बोर्डवर आरामात फिरून आली. मी तिच्या बोर्डवरून चार वेळा पडलो. निष्कर्ष: दोन्ही बोर्ड वाकडे.

१ फेब्रुवारी. शर्यत.
सकाळी अखेरची सुधारणा, पाच स्क्रू. सुरुवात दमदार, निदान साठ मीटर. मग शीड अंगावर आलं. खालीच राहिलो. कंबरेचा हूक दोरीत अडकला होता, तो सोडवत होतो. घाबरलो नव्हतो.
शीड उचललं ते डॉटने. ती सगळ्यांच्या पुढे होती. मी वर येत नाही म्हणून वळली. शर्यत गेली तिची. म्हणाली, गाढवा, श्वास घे आधी.
किनाऱ्यावर ग्लेनिस. कंबरभर पाण्यात, बुटांसकट. गाडीत बोलली. मी पाण्याखाली गेलो की ती आकडे मोजते म्हणे, दर वेळी. आज एक्केचाळीस झाले.
तिचा आकडा दुरुस्त करायला निघालो होतो. माझ्या अंदाजाने तीस. एक्केचाळीसच राहू दिले.

३ फेब्रुवारी.
डॉटचा फोन. क्लबला सेटिंगप्रमुख हवा आहे. अट एकच: काम किनाऱ्यावर. विचार करून सांगतो म्हणालो. ग्लेनिसने फोन घेतला, हो म्हणाली.

८ फेब्रुवारी, रविवार.
क्लबच्या हितासाठी पद स्वीकारलं. अकरा बोर्ड लावून दिले. अकराही गेले, अकराही परत आले, वरच्या माणसांसकट. डॉटने सगळ्यांसमोर पाठ थोपटली. मी घोट्याएवढ्या पाण्यात, हातात स्क्रूड्रायव्हर.
ग्लेनिसलाही कळावं म्हणून सँडविच घेऊन गाडीपाशी गेलो. सीट मागे टाकून झोपली होती. समुद्राकडे पाठ. चक्क घोरत होती.
नाही उठवलं.