इवासे-सानांची शेवंती आणि माझ्या कपाटातला काळोख

उरायासु,
ऑक्टोबर २०१३

ती. दमयंतीवन्सं यांना,

नीलिमाचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? भावजींनी गोड खाणं खरंच सोडलंय की तुम्ही देवळात गेलात की डबा उघडतात? इकडे आम्ही तिघं मजेत आहोत. रुचा शाळेत रमली आहे. मराठीत विचारलं की जपानीत उत्तर देते, त्यामुळे घरात भांडणं कमी झाली आहेत. हे सगळं फोनवरच सांगणार होते, पण उत्साहात माझा आवाज चढतो आणि अनुराग बँकेची कामं घेऊन शेजारीच बसलेला असतो. म्हणून पत्र.

वन्सं, शेवंती फुलली! आणि तिच्यापायी माझ्या घरी पोलीस येऊन गेले. (घाबरू नका. बूट काढून आत आले.)

नीट पहिल्यापासून सांगते. आमच्या शेजारच्या घरात इवासे-सान नावाच्या आजी राहायच्या. भूकंपात इथल्या जमिनीतून चिखल उसळून वर आला होता ना, तेव्हा त्यांचं बागेचं घर एका बाजूला कललं. ते पाडावं लागलं. यजमान आधीच गेलेले. त्यांनी लावलेल्या शेवंतीची एक कुंडी तेवढी आजींनी उचलून आणली. आता या सप्टेंबरअखेर मुलगा त्यांना साप्पोरोला आपल्या घरी नेणार होता आणि त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं की कुंडी वगैरे काही आणू नकोस, जागा नाही. शेवंती फुलते नोव्हेंबरात. जुलैत आजी मला म्हणाल्या, "एकदा फुललेली पाहून गेले असते." बस्, एवढंच. पुढे लगेच त्या कचरा वेगळा करण्याबद्दल बोलायला लागल्या. पण माझ्या डोक्यातून ते जाईना. मी म्हटलं, "आजी, कुंडी माझ्याकडे द्या. जायच्या आधी फुलवून दाखवते." (वन्सं, माझ्या हातून पुदिनासुद्धा जगत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. आजींना नव्हतं.)

मग वाचायला बसले. शेवंतीला कळ्या धरायला लांबलचक रात्र लागते आणि ती अखंड लागते. मधेच उजेड पडला की झाडाला वाटतं उन्हाळा अजून संपला नाही, आणि ते नुसती पानं काढत बसतं. म्हणजे ऊन असताना कुंडी बाल्कनीत ठेवायची आणि संध्याकाळ व्हायच्या आत काळोखात न्यायची. आमच्या चटईच्या खोलीत भिंतीतलं मोठं कपाट आहे, गाद्या ठेवायचं. गाद्या काढल्या, कुंडी आत ठेवली, दार सरकवलं. मला वाटलं, झालं! पण या देशात काळोख मिळणं किती कठीण आहे ते मला तेव्हा कळलं. भात शिजवायचं भांडं लुकलुकतं, इंटरनेटचा डबा लुकलुकतो, संडासाची बैठकसुद्धा हिरवा डोळा उघडून बसलेली असते. खिडकीखाली थंड पेयांचं यंत्र रात्रभर लग्नघरासारखं झगमगत असतं. कपाटाचं दार कागदी, त्याला चारही बाजूंनी फटी.

फटी शोधायच्या कशा? स्वतः आत बसून. मी कुंडीशेजारी मांडी घालून दार लावून घेतलं आणि डोळे सरावेपर्यंत थांबले. जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथे काळी चिकटपट्टी. त्या दिवशी अनुराग नेमका लवकर आला. घर शांत, चपला दारात, बायको नाही. त्यानं हाका मारल्या, मी आतून "ओ" दिली. त्यानं दार सरकवलं, माझ्याकडे पाहिलं, कुंडीकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "आईशी फोनवर काही बोलणं झालं का?" मी म्हटलं, "आधी दार लाव, उजेड येतोय!" (बिचाऱ्यानं लावलं.)

पुढे दाराला आतून काळं प्लॅस्टिक, त्यावर दुहेरी पडदा आणि उकाड्यानं झाड गुदमरू नये म्हणून एक छोटा पंखा, असा थाट झाला. कळ्या धरल्या. मी आनंदानं घरभर नाचले. अशातच एके दिवशी सकाळी, कुंडी बाहेर काढायच्या आतच, इमारतीतले आगीचे भोंगे तपासायला एक माणूस आला. त्याला सगळी कपाटं उघडून पाहायची होती. मी आडवी आले. काळं प्लॅस्टिक, आत घरघरणारा पंखा आणि हात पसरून उभी असलेली परदेशी बाई पाहून त्यानं विचारलं, आत काय आहे? शेवंतीचा जपानी शब्द ऐन वेळी आठवेना. पानाला 'हाप्पा' म्हणतात ते आठवलं. म्हटलं, "हाप्पा! पुष्कळ हाप्पा!" तो वाकून नमस्कार करत मागे मागे निघून गेला.

संध्याकाळी दोन पोलीस दारात. मला वाटलं, भोंग्याचंच काही असेल. त्यांनाही मी अभिमानानं सांगितलं, "हाप्पा." धाकटा पोलीस थेट कपाटाशी गेला, दार सरकवलं आणि वन्सं, त्यानं आत टॉर्च मारला! फुलायला आलेल्या झाडावर! मी किंचाळले, "अहो, नका! विझवा तो!" आणि त्याच्या टॉर्चवर माझा पदर टाकला. (हो, त्या दिवशी हळदीकुंकू होतं म्हणून साडी.) आता दोघेही मराठीत घाबरले.

आवाज ऐकून समोरची कौमुदी धावत आली. तिचं जपानी उत्तम आहे. तिनं पोलिसांचं ऐकलं, माझ्याकडे पाहिलं आणि जमिनीवरच बसली. म्हणाली, "नीलिमाताई, इथे हाप्पा म्हणजे गांजासुद्धा! तुम्ही सकाळपासून सगळ्यांना सांगताय की कपाटात पुष्कळ गांजा आहे." गांजाला इथे थेट तुरुंग, अनुरागची नोकरी, व्हिसा, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. थोरल्या पोलिसानं मात्र एक पान चुरडून हुंगलं. "किकु," तो म्हणाला. शेवंती. कौमुदीनं त्याला आजींची सगळी हकिकत सांगितली. त्यानं टॉर्च खिशात घातला, कुंडीला म्हणाला, "सुमिमासेन", म्हणजे माफ करा, आणि दार अगदी अलगद लावलं.

आजी जायच्या आदल्या सकाळी फूल पूर्ण उमललं. पिवळं, आतून किंचित तांबूस. मी कुंडी घेऊन गेले तर दार मुलानंच उघडलं. खोक्यांच्या गर्दीत तो उभा होता. फुलाकडे बघत राहिला. "बाबांचं," एवढंच म्हणाला. आजींनी फुलाला हात लावला नाही, माझा हात मात्र घट्ट धरला. दुसऱ्या दिवशी गाडी निघाली तेव्हा कुंडी मुलाच्या मांडीवर होती आणि आजी खिडकीतून मला सांगत होत्या की त्याला नीट धरता येत नाहीये.

वन्सं, अजून अंगावर काटा आहे. भावजींना नमस्कार.

तुमची,
नीलिमा

ता. क. पोलिसांचं अनुरागला अजून सांगितलेलं नाही. तो थोरला पोलीस रस्त्यात भेटला की मला वाकून नमस्कार करतो. अनुरागला वाटतं, माझ्या ओळखी वाढल्या आहेत.

आणखी एक. जाताना आजींनी झाडाचे फुटवे काढून दिले. इमारतीतल्या चार जणींनी पुढच्या वर्षी लवकर फुलं मागितली आहेत, मी हो म्हटलंय. म्हणजे पुढचा सबंध ऑगस्ट ती खोली काळोखात हवी. आणि नेमक्या ऑगस्टमध्येच सासूबाई यायचं म्हणताहेत. त्यांना झोपायला तीच खोली आणि रात्रभर झिरोचा दिवा लागतो. तेव्हा वन्सं, माझी एवढीच विनंती, पुढच्या ऑगस्टमध्ये तुमचा गुडघा जरा जास्त दुखू द्या आणि आईंना मदतीला तुमच्याकडेच ठेवून घ्या.