काशीबाईंचे महाप्राण

८ जानेवारी १९६६, केळवे
कोळीवाड्यात काशीबाईंच्या ओटीवरची खोली मिळाली. विद्यापीठासाठी प्रबंधाचा विषय : महाप्राण उच्चारांचे शिक्षण. इथे भ चा ब होतो, ख चा क. माझी मेथड सोपी आहे. ओठांपुढे कागदाची पट्टी धरायची. भ म्हटले की पट्टी हलते, ब म्हटले की नाही. यात चुकण्यासारखे काही नाही.
निश्चय : माणसांत गुंतायचे नाही. डेटा घ्यायचा.

१२ जानेवारी
गुंतले नाही, फक्त नोंद करते. बोंबील वाळवायच्या जागेवरून काशीबाईंचा पालघरच्या कोर्टात दावा आहे. जागा त्यांच्या सासऱ्यांनी आणि शेजारच्या वामनशेटच्या वडिलांनी मिळून घेतलेली. वामनशेटची नारळाची बाग तिला लागूनच आहे. आता ते म्हणतात, जागाही सगळी माझीच.
काशीबाई म्हणतात, ‘अर्दा बाग आमचा हाय.’ त्यांना भाग म्हणायचे आहे. कोर्टात असे बोलल्या तर न्यायाधीशसाहेबांना वाटेल, या नारळांवर हक्क सांगतात. जागा जाईल. मी वेळेवर आले.

१५ जानेवारी
वर्ग सुरू. काशीबाई आणि त्यांची सून हिरा. पट्टी ढिम्म. हिरा म्हणाली, ‘कागद कशाला, सासूबायला चुलीपुढं बसवा. फू शिकंल न जेवनपन होल.’ शास्त्रीय वातावरण टिकवण्यासाठी मी हसले नाही.

२ फेब्रुवारी
काशीबाईंची पट्टी हलली! ‘भाग.’ स्वच्छ. त्यांनी आनंदाने पुन्हा पुन्हा म्हणून दाखवले. ब शिकवण्यात वेळ घालवणार नाही, तो त्यांना येतोच.

११ फेब्रुवारी
रिझल्ट अपेक्षेपेक्षा चांगला. पट्टी आता प्रत्येक शब्दाला हलते. हिरा बाजारात ‘भोंभील घ्या’ ओरडली. गिऱ्हाईक हसले, पण माल खपला. हा तात्पुरता अतिउत्साह आहे. आपोआप उतरेल. गाईडना प्रगती कळवली.

२१ फेब्रुवारी, पालघर
काशीबाईंची साक्ष. त्यांच्या आग्रहावरून हजर राहिले.
वामनशेटच्या वकिलाने विचारले, जागेला लागून काय आहे? काशीबाईंनी माझ्याकडे पाहिले, छाती भरून घेतली आणि म्हणाल्या, ‘वामनशेटचा भाग!’ कारकुनाचे कागद हलले.
म्हणजे वामनशेटचा भाग आहे, हे मान्य?
‘मान्य काय? आज्यापासून हाय! केवढा थोरला भाग!’
आणि तुमचा?
‘आमाला कुठचा भाग? आमचे आपले भोंभील.’
वकील थँक यू म्हणून खाली बसले. मी खुलासा करायला उठले. साहेबांनी मला बसायला सांगितले. आमच्या वकिलांनी हातापाया पडून फेरतपासणीला तारीख मागून घेतली.
बाहेर काशीबाईंनी विचारले, ‘बाय, फू बरोबर झाला ना?’ उच्चाराच्या दृष्टीने निर्दोष होता. तसे सांगितले.

२३ फेब्रुवारी
वकिलांनी काशीबाईंना सगळे समजावून सांगितले. त्या रागावल्या नाहीत. निरोप हिराने आणला : ‘सासूबाय म्हनते, जागा गेली त बोंबील तुमच्या कागदावर वाळवू काय?’
माझा दोष किती, हे डेटा तपासूनच ठरवता येईल. जेवण गेले नाही. हवा दमट आहे.

२६ फेब्रुवारी
वर्ग बंद. माझ्या बाजूने नाही.

१४ मार्च, पालघर
दुसरी तारीख. काशीबाईंनी मला बाहेरच्या बाकावर बसवले. म्हणाल्या, ‘बाय, तुमी आत येऊ नका. तुमाला बगलं की फू येतो.’
खिडकी उघडी होती. आपल्या वकिलांनी विचारताच त्या एका दमात बोलल्या, ‘कुंपनाच्या आतला बाग त्याचा. बायेरच्या जागंत अर्दा बाग आमचा. माज्या सासऱ्यान पैशे दिलेत.’
महाप्राण एकही नाही. मी डोळे मिटले.
साहेबांनी कारकुनाला मोठ्याने सांगून लिहून घेतले : बाग वामनशेटची, जागेत अर्धा भाग काशीबाईंचा.
कुठे ब आणि कुठे भ, हे त्यांनी एकदाही विचारले नाही.