न पेटणारा पापुद्रा

प्रिय वहिनी,

फोनवर तुझा आवाज ऐकला की मी हवापाण्याचंच बोलत बसते, म्हणून लिहितेय. दादाचा पापुद्रा जमला. हो, तोच, ज्याच्यापायी तो भरल्या ताटावर बसून हवेत बोटानं साखळ्या काढायचा आणि तू म्हणायचीस, "आधी घास गिळा, मग जग सुधारा."

बॅटरीतला पेट घेणारा द्रव काढायचा आणि तिथे पॉलिमरचा पातळ पापुद्रा घालायचा, एवढंच त्याचं वेड. पॉलिमरच्या लांब साखळ्या हलत राहतात आणि लिथियमचे आयन तान्ह्या बाळासारखे या कडेवरून त्या कडेवर जातात. साखळ्या ताठ केल्या तर बाळ अडकतं, सैल सोडल्या तर पापुद्राच फाटतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! शेवटी ताठ आणि मऊ तुकडे एकाच साखळीत ओवले, तेव्हा कुठे आयन धावले.

काल त्या नव्या बॅटरीत आम्ही खिळा घुसवला. ज्या टेबलावर जुनी बॅटरी फुटली आणि दादा भाजून गेला, त्याच टेबलावर. धूरसुद्धा निघाला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मात्र मानेला कुणाचा तरी श्वास लागला आणि कानाशी स्पष्ट ऐकू आलं, "मागे हो, शहाणे." मी मागे झाले, वहिनी. मागे कुणीच नव्हतं. हे नेहमीचंच आहे. द्रवाचा तो गोडसर वास आता यायचं कारण नाही, तरी येतो. झाडणाऱ्या मावशीसुद्धा दादाचं स्टूल न हलवता भोवतीनं झाडतात. वाटलं होतं, हे जमलं की तो सुटेल. सुटला नाही. की मीच त्याला सोडत नाहीये, कोण जाणे.

आता मुद्द्याचं. आज आमच्या प्रयोगशाळेत नोकरीच्या मुलाखती होत्या. दार उघडलं तर समोर तुझी लेक! "आई नाही म्हणेल, आत्या, आणि मग मला ऐकावं लागेल, म्हणून तिला न सांगताच आले," म्हणाली. बाकीच्यांनी तिला एकमतानं निवडलंय. सही माझी राहिलीय. घेतलं तर तुझ्या काळजाचा तुकडा त्याच खोलीत उभा राहील. नाही घेतलं तर ती दुसरीकडे जाईल, जिथे अजून द्रवच वापरतात. तसं तिनं मला तोंडावर सांगितलंय. बापावर गेलीय, काय करणार. पण तुला विचारल्यावाचून मी सही करणार नाही. रागाव, रड, मला चार शब्द सुनाव, पण काय ते कळव.

तुझीच,
वन्सं