तांबडीचे जंत

३ ऑगस्ट, रविवार
आजपासून राग बंद. बीपीच्या डॉक्टरांनीच सांगितलंय. मी मुळात शांत माणूस, लोक भडकवतात.
सकाळी खुराडं झाडताना शिटेत जंत दिसले. लांब, पांढरे, शेवयांसारखे, वळवळणारे. बुटानं चिरडले. तो राग नव्हता, स्वच्छता होती. आवडा म्हणाली, कोंबड्या जनावरांच्या दवाखान्यात न्या. बायको आहे, बोलणारच. मी मोबाईलवर सगळे व्हिडिओ बघितलेत.

४ ऑगस्ट
पेशंट सापडला. तांबडी. कोपऱ्यात फुगून बसते, खात नाही, हात नेला की चावते. केस क्लिअर. बाकीच्या कोंबड्या म्हशींसारख्या खातात, म्हणजे ठणठणीत. त्यांचे तुरे फिके पडलेत आणि छातीचं हाड हाताला लागतं, पण पावसाळ्यात फिगर उतरतेच.
आवडा म्हणाली, "खुडूक बसलीय ती. उबवायला खाली अंडी ठेवलीत म्या. तिला हात लावू नका."
तांबडी तिनं माहेराहून आणलेली. फुलंब्रीपासून हर्सूलपर्यंत एसटीत मांडीवर घेऊन बसली होती. त्यामुळं तिला आजार दिसत नाही. मी सायन्सनं चालतो.

६ ऑगस्ट
जंत आले कुठून, हा मूळ प्रश्न. शेजारच्या कडुबाच्या कोंबड्या आमच्या परसात चरतात. शांतपणे विचारायला गेलो. घाण तुमच्याच घरची, असं तो म्हणाला आणि माझ्या हातून वीट सुटली. त्याच्या पत्र्यावर पडली. त्यानं माझी कॉलर धरली, मी त्याचा कान. गल्ली जमली. माझी बटणं तुटली, त्याचा कान जरासा फाटला. चर्चा अपुरी राहिली.
उद्यापासून राग नक्की बंद.

८ ऑगस्ट
ट्रीटमेंट सुरू. लसूण, कडुनिंब, मिरची, सगळं उकळून काढा केला. तांबडीला काखेत दाबून चोच उघडली. तिनं अंगठा फोडला. तेवढ्यात कोंबडा मागून आला आणि पोटरीत नखं रुतवली. त्याला बादली फेकून मारली, ती माझ्याच स्कूटरच्या आरशाला लागली. रक्त बरंच गेलं, सगळं माझं. काढा पूर्ण शर्टावर.
कंट्रोल ठेवला. फक्त खुराड्याचं दार लाथेनं तोडलं.

९ ऑगस्ट, दुपार
आवडा बाजारात गेली होती. चांगला चान्स. दुसरा डोस द्यायला गेलो तर तांबडी थेट डोळ्यावर आली. धरली. घट्ट धरली. मान मोडली. मी मोडली असं नाही, मानच नाजूक होती.
पुरावा हवा म्हणून विळीवर पोट फाडलं. आतडी उलगडून बघितली. एकही जंत नाही. याचा अर्थ काढा लागू पडला.
आवडा आली. पिसं गोळा करत बसली. मला वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

११ ऑगस्ट
बाकीच्या कोंबड्या टोपल्यात घालून आवडा एकटीच दवाखान्यात गेली. तिथल्या करुणा मॅडम म्हणाल्या, भरपूर खाऊनही वाळणं, फिका तुरा, हीच जंतांची लक्षणं, आणि या सगळ्यांनाच जंत झालेत. पाण्यातून द्यायचं औषध मिळालं. काही दिवस अंडी खायची नाहीत, खुराड्यातला भुसा बदलून जागा कोरडी ठेवायची, सांगितल्या दिवशी पुन्हा डोस. कोंबड्या आपणहून पाणी प्यायल्या. कोणी कोणाला चावलं नाही. मॅडमचं नशीब चांगलं.
तांबडीची अंडी आवडानं परवाच खोक्यात ठेवून वर बल्ब लावला होता. आज मला म्हणाली, "त्यांची आई तुम्ही मारली. आता बसा तुम्ही."

१४ ऑगस्ट
बसलोय. अंडी फिरवायची, लाइट गेली की गरम पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या. जेवण जात नाही. काल आवडा ताट घेऊन आली, तिच्यावरही खेकसलो.
आज कडुबा भांडण मिटवायला आला. कानाला पट्टी. बघू म्हणत त्यानं खोक्यात हात घातला. मी मनगटाला चावलो. कसं झालं कळलंच नाही. रक्त आलं. तो लांब सरकून आवडाला विचारू लागला, यांना झालंय तरी काय.
"कायबी झालं नाय भावजी," ती म्हणाली. "खुडूक बसलेत. हात लावू नका त्यांना."
तांबडीलाही काही झालं नव्हतं.