त्या नऊ दिवसांची पोती

आप्पा, मी तुमच्याशी आयुष्यात एकदाच खोटं बोलले आणि तुम्ही ते खरं मानून गेलात. त्याला आता दहाएक वर्षं होतील. तुम्ही माझ्यावर कधीच संशय घेतला नाही, म्हणून ते अजून तसंच पडून आहे. रागावला असतात तर बरं झालं असतं.

तेव्हा आपण दोघं एकाच कारखान्यात होतो. वडगाव रासाईहून सकाळी तुमच्या मोटारसायकलवर निघायचं, भीमेचा पूल ओलांडायचा आणि दौंडच्या बाजूला उसाच्या गाड्यांमागून रखडत गेट गाठायचं. डब्यातली आमटी सांडू नये म्हणून तुम्ही गाडी इतकी हळू चालवायचा की सायकलवाले पुढे जायचे. गेटातून आत गेलं की मी ऑफिसात कॉम्प्युटरवर आणि तुम्ही पॅकिंगला, साखरेची पोती शिवायला. पॅकिंगमधल्या माणसांसमोर तुम्ही मला नावानं हाक मारत नव्हता. ‘आमच्या हापिसातल्या बाई’ म्हणायचा. मला लाज वाटायची आणि ते ऐकायला मी मुद्दाम तिकडून चक्करही मारायचे.

पट्ट्यावरून भरलेलं पोतं येतं, तुम्ही तोंड जुळवून धरता, वरून टांगलेलं मशीन खर्रकन फिरतं. ही शिलाई साखळीची असते. योग्य बाजूचं टोक ओढलं तर सबंध शिवण एका झटक्यात उसवते, चुकीचं ओढलं तर गाठ बसते आणि मग सुरी घ्यावी लागते. बाकीचे लोक दोरा बरोबर पोत्याशी तोडायचे. तुम्ही प्रत्येक पोत्याला योग्य बाजूनं वीतभर शेपूट सोडायचा. मी एकदा म्हणाले, “एवढा दोरा कशाला वाया घालवता? कोण बघतंय?” तुम्ही मान वर न करता म्हणालात, “पोतं सोडणारी बघती की. तिला कात्री हुडकत बसाया लागू न्हाई.” आणि मग दिवसभर माझ्याशी बोलला नाहीत. कामाला नावं ठेवलेली तुम्हाला खपायची नाहीत.

त्या वर्षी आपली साखर येमेनला चालली होती. पोत्यांवर उलट्या दिशेनं लिहिलेली त्यांची अक्षरं होती. तुम्ही मला विचारलंत हे गाव कुठं आलं, मी नकाशा छापून दिला, तो तुम्ही घडी घालून खिशात ठेवलात. तिथं देशातलीच माणसं एकमेकांवर उठली होती. त्यात बाहेरच्या फौजांच्या लढाऊ जहाजांनी समुद्र अडवला होता. बंदरात काय जाऊ द्यायचं आणि काय नाही ते तेच ठरवायचे. गेटाजवळच्या हॉटेलातल्या टीव्हीवर तुम्ही तिथलं एक मूल पाहिलंत, नुसत्या बरगड्या. दुकानात पीठ नाही, असलं तर परवडत नाही, साखर चिमटीनं विकतात, असं तो बातम्यावाला सांगत होता. त्या दिवसापासून तुमचे हात दुप्पट वेगानं चालायला लागले. “आपलीच पोती हायेत तिकडं जानारी,” तुम्ही सगळ्यांना सांगायचा. “आपुन उशीर केला तर त्यास्नी उशीर हुईल.”

अंगात ताप होता. छातीत घरघर वाजत होती. डॉक्टरांनी आठवडाभर झोपून राहायला सांगितलं होतं आणि तुम्ही दोन्ही पाळ्या करत होता. आई भांडली, मी भांडले. “येवढा माल जाऊ दे, मग निजतो,” एवढंच तुमचं उत्तर.

आणि मला ठाऊक होतं की माल जाणार नाही. माझ्याच कॉम्प्युटरवर मेल आला होता. आधीच्या खेपेचं जहाज बंदराबाहेर समुद्रात उभं होतं, त्याला आत सोडत नव्हते. विम्याचा दर इतका चढला होता की पुढचं जहाज तिकडे जायला तयार नव्हतं. घेणाऱ्यानं कळवलं होतं, आता पाठवू नका. वरून ठरेपर्यंत इथलं पॅकिंग मात्र चालूच राहिलं. नऊ दिवस. नऊ दिवस मी तुमच्या मागे गाडीवर बसून जात होते, पाठीला हात लागला की ताप कळत होता, आणि मी गप्प होते. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. तुम्ही गाडी वळवली असतीत.

दहाव्या दिवशी नोटीस लागली. त्या अक्षरांची पोती इथल्या बाजारात चालणार नव्हती, म्हणून थप्प्या पाडायच्या, पोती सोडायची आणि साखर साध्या पोत्यांत भरायची. मी गोदामात आले तेव्हा तुम्ही खाली उकिडवे बसून तुमचीच शेपटं ओढत होता. एका ओढीत पोतं मोकळं. बाकीच्यांची सुरीनं कापावी लागत होती, तुमची मात्र भराभर उसवत होती. मुकादम म्हणाला, “आप्पांची पोती बघा, कशी लोण्यावानी सुटत्यात.” कुणी हसलं नाही.

मला पाहून तुम्ही म्हणालात, “बंदर बंद केलं म्हनं. ल्हानपनी मेंढरं घिऊन आमी कोकनात जायचो तवा म्या समिंदर बघितलाय. त्याला काय दार आसतंय व्हय, बंद कराया?” मग तुम्ही विचारलंत, “तुला कवा कळलं?”

मी म्हणाले, “आत्ताच.”

“व्हय,” तुम्ही म्हणालात, आणि पुढचं पोतं ओढलंत.

दोन दिवस तुम्ही पोती सोडलीत. तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठला नाहीत, आणि त्या आठवड्यातच गेलात. निमोनिया, असं कागदावर आहे. मला विचाराल तर ते नऊ दिवस आहेत.

आता डिस्पॅचचं सगळं मी बघते. अजूनही समुद्रात कुठं ना कुठं काही अडलेलं असतं. जहाजं लांबून वळसा घालून जातात, भाडी चढतात, इथं गोदामं तुंबतात आणि सगळ्यात आधी कंत्राटी माणसं घरी बसतात. तिकडच्या बायकांनी चुलीवर काय ठेवलं ते आपल्याला कधी कळत नाही. तसा मेल आला की मी आधी उठते, पॅकिंगमध्ये जाते आणि मोठ्यानं सांगते. लोक म्हणतात बाई फार चांगल्या आहेत. मी ऐकून घेते.

आई अजून आहे. तिला मी सांगितलंय की मला माहीत होतं, पण साहेबांनी तोंड उघडायचं नाही अशी तंबी दिली होती, नोकरी गेली असती. ते ती आजतागायत धरून आहे. पित्राचं पान मांडताना दरवर्षी त्या साहेबांच्या नावानं बोटं मोडते, त्यांच्या लेकराबाळांनाही सोडत नाही, आणि मी शेजारी बसून तुमच्या पानावर वाढत असते. म्हणून हे घरी ठेवता येणार नाही. लिहून झालं की फाडणार आहे.

साहेबांनी मला तंबी दिली नव्हती, आप्पा. मेल वाचून झाल्यावर ते म्हणाले होते, “तुझ्या वडलांना बरं नाही ना? सांगून टाक त्यांना, घाई नाही म्हणावं, घरी पडू दे.” मी ‘हो’ म्हणाले. त्या दिवशी रात्री उशिरा जेवताना तुम्ही तो नकाशा ताटाशेजारी उलगडून बसला होता. किती पोती झाली ते आईला सांगत होता, आणि इतके खूश होता की मला ते मोडवेना.